दोन फुटी खाऱ्या टँकसाठी मासे: आधी मृगाचा उकाडा आठवा

सर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गाव दर्यापूर तालुक्यातलं, घरात २४ × १५ × १५ इंचांचा काचेचा टँक तयार आहे. घरच्या बोअरचं पाणी मुळातच खारट, तर तेच वापरता येईल का? धाकटीला केशरी-पांढरा ‘निमो’ हवा आणि पिवळ्या शेपटीचा निळा ब्लू टँगही हवा. या दोघांसोबत आणखी चार-पाच मासे कोणते घालावेत?

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. दोन लहान ओसेलॅरिस क्लाउनफिश, म्हणजे तुमचा निमो, आणि एक यलो वॉचमन गोबी. एवढे तीनच. ब्लू टँग अजिबात नको. बोअरचं पाणीही नको. चौथ्या माशाला जागा आहे, पण पुढच्या पावसाळ्यात. त्याचं नाव शेवटी सांगते.

मी परतवाड्याजवळ राहते. घरची संत्र्याची बाग आहे आणि सोळा वर्षांपासून मरीन टँक सांभाळते आहे. मरीन टँकची बहुतेक माहिती समुद्रकाठच्या किंवा एसी असलेल्या शहरातल्या घरांना धरून सांगितलेली असते. आपल्याकडे मासा निवडताना मी एकच गोष्ट विचारते: जून उजाडला, आभाळ भरून आलं, पाऊस काही पडत नाही, अंगाची लाही होतेय आणि रात्री अकराला लाइट गेली, तर हा मासा सकाळी जिवंत असेल का? वर्षातल्या त्या आठ-दहा दिवसांना जो टिकेल तोच आपला मासा. बाकी ३५० दिवस तो आरामात राहतो.

तुम्ही म्हणाल, मे का नाही? कारण मे महिना आपल्याला साथ देतो. हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानेच टँक थंड राहतो. कूलर चालतो त्याच न्यायाने. बाहेर ४४ अंश असतानाही मी मधल्या खोलीतला टँक नुसत्या पंख्यावर २८ अंशांच्या आसपास धरला आहे. मृग लागला की हवेत दमटपणा येतो, पारा फारसा उतरत नाही आणि पंख्याचा जोर संपतो. ज्या आठवड्यात घरातला कूलर नुसता चिकचिक करतो, त्याच आठवड्यात टँकही तापतो. त्यात वादळी वाऱ्याने तारा तुटायचे दिवस तेच.

आता ऑक्सिजनचं गणित. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात मिलिग्रॅमच मावतो, आणि ३० अंशांना तो सव्वासहापर्यंत उतरतो. पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो आणि पाण्यात हवा मात्र कमी उरते. पंप चालू आहेत तोवर हे निभावतं, बंद पडले की तासांचा हिशेब सुरू होतो. तुमचा टँक काठोकाठ ८८ लिटरचा, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ७० लिटरच उरतं. त्यात किती तोंडं श्वास घेणार, हे आज ठरवायचं असतं.

हे मी अनुभवाने शिकले. टँकचं दुसरं वर्ष होतं. अडीच फुटांच्या टँकमध्ये मी तीन ग्रीन क्रोमिस, एक बटरफ्लाय, दोन क्लाउन आणि एक गोबी ठेवले होते. जूनमध्ये गावातली डीपी जळाली आणि रात्रभर लाइट आली नाही. माझ्याकडे तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप नव्हता. सकाळी बटरफ्लाय आणि तिन्ही क्रोमिस तळाशी पडलेले दिसले. क्लाउन पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. गोबी बिळाच्या तोंडाशी बसलेला होता, श्वास जोरात, पण शाबूत. मग मगाने पाणी उचलून उंचावरून परत ओतत मी दोन तास बसले आणि उरलेले तिघं वाचले. दिवसभर पोहणारे मासे आधी गेले, एका जागी बसणारा टिकला. तेव्हापासून माझी निवड या एका गोष्टीवर चालते.

पाण्याचं एकदा नीट सांगते, कारण पूर्णेच्या खोऱ्यातल्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न येतो. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी जिभेला खारट लागतं, पण ते समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं: सोडियम, क्लोराइड, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. आपलं बोअर खारट असूनही त्या मानाने फिकंच असतं, आणि प्रमाण तर अगदीच वेगळं. नुसता खारेपणा पुरत नाही याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. लोणारचं पाणीही खारंच, पण त्याचा सामू (pH) वर्षानुवर्षं १० च्या आसपास राहिला आणि त्यात मासा जगत नसे. समुद्राचा सामू ८.१ च्या जवळपास असतो. जेवणातलं मीठ किंवा गुरांचं खडेमीठही चालत नाही. मरीन सॉल्ट म्हणून जी पुडी मिळते तीच घ्या, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, आणि पाणी आरओचं. गावातल्या जारचं पाणी घेणार असाल तर टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावून पाहा. चवीसाठी बरेच जण त्यात कच्चं पाणी मिसळतात. आकडा जितका शून्याजवळ तितकं चांगलं. क्लोरीन मारलेलं असेल तर काढून घ्या. टँकच्या पाण्याची क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, प्लास्टिकच्या काट्यावर भिस्त ठेवू नका.

उन्हाळ्यात पंख्याखाली हा टँक दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी सहज पितो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याने घालायची, खाऱ्याने नाही. लग्नाला दोन-तीन दिवस बाहेर गेलात आणि सात लिटर उडालं, तर लिटरमागे क्षार ३५ ग्रॅमचे ३९ होतात. कूलरमध्ये बसवतात तो प्लास्टिकचा फ्लोट घ्या, टँकच्या काठाला लावा आणि वर दहा लिटरची बादली ठेवा. फ्लोट अडकला तरी दहा लिटरच्या वर नुकसान होणार नाही. पितळी दांडीचा फ्लोट घेऊ नका, त्यातलं तांबं झिंग्याला मारक.

आता मासे. क्लाउनफिश मी सगळ्यात आधी सांगते ती धाकटीच्या आवडीसाठी नाही. हा मासा मुळात घर धरून राहणारा आहे. समुद्रातही तो आपल्या ॲनिमोनपासून, म्हणजे ज्या समुद्रफुलात राहतो त्यापासून, फार लांब जात नाही, त्यामुळे दोन फुटांत त्याची कुचंबणा होत नाही. मिळेल ते खातो. गावात फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले झिंग्यासारखे बारीक जीव, मिळणं आणि लाइटच्या भरवशावर फ्रीजरमध्ये टिकवणं दोन्ही अवघड, म्हणून कोरड्या दाण्यावर जगणारा मासा आपल्याला लागतो. शिवाय हे मासे आता हॅचरीत तयार होतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांत क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. हॅचरीचं पिल्लू काचेतच वाढलेलं, दाणा ओळखणारं असतं. समुद्रातून धरलेल्या क्लाउनला ब्रुकलिनेला नावाचा रोग बरेचदा सोबत येतो. अंगावर चिकट पांढरा थर येतो आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: हॅचरीचा की समुद्राचा?

जोडी कशी निवडायची, यात बहुतेक लोक चुकतात. क्लाउनफिशची सगळी पिल्लं आधी नरच होऊ शकतात. गटात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो मादी होतो. त्याच्या खालचा नर राहतो, बाकीचे लहानच थांबतात. म्हणून नर-मादी शोधत बसू नका. दोन पिल्लं घ्या, एक ठळकपणे मोठं आणि एक लहान. सारख्या मापाची दोन घेतलीत तर मोठेपणासाठी भांडतील. लहानगं अंग थरथरवत मोठ्यापुढे आडवं होतं, त्याचा अर्थ ‘तू मोठी’ असा. ते दिसलं की जोडी जमली समजा. एकदा मादी झाली की ती परत नर होत नाही, त्यामुळे पुढे कधी मादी गेली तर उरलेला नर मादी होईल आणि त्याला लहान जोडीदार आणावा लागेल. माझी जोडी अकरा वर्षांची आहे. मादी आठ-नऊ सेंटिमीटर, नर त्याहून बराच लहान. टँकमध्ये हात घातला की ती आजही बोटाला चावते.

दुकानात ‘काळा निमो’ म्हणून दोन पांढऱ्या पट्ट्यांचा काळपट मासा स्वस्तात दाखवतील. तो बहुधा सेबाए क्लाउन असतो, आपल्याच दक्षिण किनाऱ्यावरचा. मासा सुंदर, पण १६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठा झाला की दोन फुटांचा सगळा टँक आपलाच समजतो. ओसेलॅरिसमध्येही काळा रंग असतो, म्हणून रंगावर जाऊ नका, जात विचारा.

ॲनिमोन घेऊ नका. क्लाउनला टँकमध्ये त्याची गरज नसते, तो एखादा कोपरा किंवा पंपामागची जागा घर मानतो. ॲनिमोनला मात्र भक्कम उजेड आणि वर्षभर मुरलेला टँक लागतो. जूनच्या गरमीत तो मेला की एका रात्रीत ७० लिटर पाणी नासवतो.

तिसरा मासा यलो वॉचमन गोबी. दिसायला पिवळा, चेहऱ्यावर निळे ठिपके, दहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. याच जातीत राखाडी-तपकिरी मासेही असतात, ते दुकानात मागे पडलेले असतात. घ्यायला हरकत नाही, स्वभाव तोच. हा तळाशी बसतो, क्लाउन मध्ये-वर राहतात, त्यामुळे जागेचं भांडण नाही. याच्यासोबत एक पिस्टल श्रिंप, म्हणजे बिळात राहणारा छोटा झिंगा, आणलात तर मुलीला रोज बघायला खरं काहीतरी मिळेल. झिंग्याची नजर अधू असते. तो दिवसभर बीळ उपसतो आणि बाहेर येताना एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपूट फडकवतो आणि झिंगा क्षणात आत. दोघं वेगवेगळ्या पिशव्यांतून आले तरी काही दिवसांत एकमेकांना शोधून काढतात. रात्री टँकमधून टक् असा आवाज आला तर काच तडकली म्हणून घाबरू नका, तो झिंग्याच्या नांगीचा आवाज.

मात्र दगड वाळूवर रचू नका. आधी दगड थेट तळाच्या काचेवर बसवा, मग भोवती वाळू भरा, दोन-अडीच इंच. वाळूवर रचलेले दगड झिंगा खालून पोखरतो, आणि एक दिवस सगळी रास काचेवर येते.

गोबी उडी मारतो, म्हणजे टँक झाकायला हवा. काचेचं झाकण घातलं तर वाफ अडते, पंखा निकामी होतो आणि आपलं थंडाव्याचं गणितच मोडतं. मी पक्ष्यांपासून बाग राखायची बारीक नायलॉन जाळी चौकटीत ताणून वर ठेवली आहे. वारा जातो, मासा अडतो. फायरफिश मी म्हणूनच टाळायला सांगते. मासा शांत आणि छोटा, पण जरा दचकला की सुटतो, जाळीत सुईएवढी फट असली तरी ती शोधतो. गोबीचं तसं नसतं, बीळ मिळालं की तो बहुधा तिथेच रमतो.

ब्लू टँगचं धाकटीला समजावणं तुम्हाला जड जाईल, पण समजवा. दुकानात तो रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा दिसतो. पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. तुमचा टँक दोन फूट. समुद्रात खडकाच्या कडेने लांबलांब पोहणारा हा मासा इथे वळायलाही अडखळेल, आणि जागेचा ताण बसला की पांढरे ठिपके यायला याला वेळ लागत नाही. लहान आहे तोवर ठेवू, मग देऊन टाकू, असंही म्हणतात. दर्यापुरात सहा फुटी मरीन टँक घेऊन कोण बसलंय त्याला घ्यायला?

मँडरिन हा आणखी एक मोह. त्याचे रंग बघून हात आखडत नाही. पण तो दिवसभर दगडावरचे डोळ्यांना न दिसणारे किडे टिपून जगतो, आणि दोन फुटी टँकमधले ते किडे काही आठवड्यांत संपतात. मग तो हळूहळू वाळत मरतो. बटरफ्लाय, लायनफिश, क्लीनर रॅस हे मासेही नको. डोमिनो डॅमसेल लहानपणी काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा, गोड दिसतो आणि वर्षभरात सगळ्यांना कोपऱ्यात लावतो. ग्रीन क्रोमिसचा थवा दुकानात शोभतो, घरी येऊन एकेक करत एकच उरतो. बँगाई कार्डिनल शांत असतो, पण इंडोनेशियातल्या थोड्या बेटांपुरता उरलेला तो संकटग्रस्त मासा आहे. हॅचरीचा असल्याची खात्री नसेल तर सोडून द्या.

कुणी समुद्रघोडा किंवा समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड ‘लाइव्ह रॉक’ म्हणून देऊ केला तर घेऊ नका. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, ते वापरा. आपला काळा पाषाण घट्ट असतो, त्यात जंतूंना वस्ती करायला जागा नाही.

ही जंतूंची वस्ती माशांच्या आधी हवी. माशाची घाण अमोनिया होते, एक जंतू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. मासे न घालता, अमोनियाचे थेंब टाकून किंवा चिमूटभर दाणा कुजवून, चार ते सहा आठवडे हे चक्र बसू द्या. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे.

दुकानात मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डोक्यामागचा भाग खपाटीला गेलेला, कल्ले भराभर हलणारे, अंगावर पांढरे कण असतील तर कितीही स्वस्त असो, परत फिरा. बरेच मासे चेन्नईहून किंवा मुंबईहून येतात. नागपूरहून पुढे ट्रॅव्हल्सने तुमच्यापर्यंत येईस्तोवर पिशवी बंद होऊन वीस-पंचवीस तास झालेले असतात. तेवढ्या वेळात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो, पण माशाच्याच श्वासाच्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशाला दोन तास थेंब-थेंब पाणी देत बसणं घातक. दुकानदाराला त्याच्या पाण्याची क्षारता आधीच फोनवर विचारा, घरच्या टबातलं पाणी तेवढंच करून ठेवा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग मासा काढून टबात सोडा आणि पिशवीचं पाणी मोरीत ओता. बरेच दुकानदार पाणी फिकं ठेवतात, तिथून आपल्या ३५ पर्यंत रोज थोडं थोडं करत न्यायचं.

टब म्हणजे चाळीस लिटरचा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाइपचा तुकडा. नवा मासा आधी यात चार आठवडे वेगळा ठेवायचा. हे मी एकदा टाळलं आणि मुख्य टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला. तो परजीवी माशाविना जगत नाही, पण त्याची अंडीकोशासारखी अवस्था वाळूत आठवडेच्या आठवडे टिकते. सगळे मासे बाहेर काढून मी टँक ७६ दिवस रिकामा ठेवला. या रोगावरचं तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये ओतता येत नाही, झिंगे मरतात.

लाइटच्या सोयीत आधी बॅटरीवरचा एअर पंप घ्या, मग वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, इन्व्हर्टरवर. पाच-सात वॅटचा तो, घरच्या पंख्याच्या तुलनेत काहीच खात नाही. फ्रीजमध्ये बर्फाच्या दोन बंद बाटल्या कायम असू द्या. लाइट गेली की दाणा बंद.

वेळही आपल्याला जुळवता येते. दसऱ्याला पाणी भरा. दिवाळीनंतर चक्र बसेल. गोबी आणि झिंगा आधी, कारण तो भिडस्त आहे, त्याला बीळ करून घेऊ द्या. क्लाउनची जोडी त्यानंतर महिन्याने. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हीटर २५ वर लावलेला हवा आणि पार्सल रात्री स्टँडवर पडून राहायला नको. म्हणजे जून येईपर्यंत तिघांना पाच-सहा महिने मिळतात, आणि तुमचाही हात बसतो.

मृग, आर्द्रा निघून जाऊ द्या. पाऊस नेमाने लागला, घरातला कूलर पुसून झाकून ठेवला, आणि तिघं धडधाकट असले, की धाकटीला घेऊन दुकानात जा आणि एकच यलोटेल डॅमसेल आणा. गडद निळं अंग, पिवळी शेपूट, वाढून सात सेंटिमीटर. डॅमसेलमध्ये त्यातल्या त्यात निवळ, तरी थोडा भांडखोर असतोच, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. सोडायच्या दिवशी दोन-तीन दगड इकडचे तिकडे करा, म्हणजे जुन्यांनाही जागा नवी वाटेल.